बिब्बा आणि बत्ती

मनिषाच्या दवाखान्याच्या भिंतीवर तीन पाट्या होत्या आणि तिन्हींवर एकच मजकूर होता. पहिली पाटी साधी होती : उपचाराला येताना अंगाला तेल, मलम, लेप काहीही लावून येऊ नये. ती कोणी वाचली नाही, म्हणून दुसरी तांबड्या अक्षरांत लिहून घेतली. तीही कोणी वाचली नाही, म्हणून तिसरी हातभर मोठी करून थेट खुर्च्यांच्या समोर ठोकली. आता माणसं त्या पाटीसमोर अर्धा अर्धा तास बसायची, वेळ जात नाही म्हणून ती मोठ्याने वाचायची, आणि आत आल्यावर विचारायची की मॅडम, खोबरेल चालतं ना, ते तर आपलं घरचंच.

मग मनिषाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आधी ओल्या कापडाने, मग साबणाने, मग कोरड्या टॉवेलने ती ते तेल पुसून काढायची आणि पुसता पुसता बडबडायची. वीस मिनिटांच्या कामातली आठ मिनिटं पुसण्यात जायची. तिच्या हाताखाली काम करणारी दीपाली म्हणायची, मॅडम, दारावरची पाटी बदलू या, दवाखान्याच्या जागी धोबीघाट लिहू या. मनिषाला त्यावर हसू आलं नाही, कारण सूचना तिला बरीचशी पटली होती.

मनिषा मूळची पूर्णगडची. बाप समुद्रावर जायचा, तो ती बारावीत असताना गेला. आई गुणवंतीने लग्नापासूनची मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आसपासची गावं पायाखाली घातली, मुलगा भावेश याला बोटीवर उभा केला आणि मुलीला फिजिओथेरपी शिकवली. आता मनिषा चौतीस वर्षांची होती. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, एका औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना होता. अंगाने शिडशिडीत, पण आवाज असा की खाली दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वरच्या पेशंटचं दुखणं कळावं. एका खोलीत व्यायामाचं सामान होतं, दुसऱ्या खोलीत लेझरचं मशीन. ते मशीन तिने गेल्या वर्षी आणलं, आणि तिच्या आयुष्यातली निम्मी कटकट त्या दिवशी त्याच्या पाठोपाठ जिना चढून वर आली.

लेझर म्हटलं की माणसांना काहीतरी कापणारं, जाळणारं डोळ्यांपुढे येई. प्रत्यक्षात त्यांना दिसे एक डबा, त्याला एक वायर, वायरीच्या टोकाला मुठीत मावेल एवढी दांडी, आणि डोळ्यांवर चढवायला काळा चष्मा. आवाज नाही, धूर नाही, झिणझिण्या नाहीत. मनिषा प्रत्येकाला बसवून सांगायची. हा उजेडच आहे, पण ठरावीक जातीचा, थोडा तांबडा आणि बाकीचा डोळ्यांना न दिसणारा. तो कातडीतून बोट-दोन बोटं आत जातो. आतल्या पेशींमध्ये शक्ती तयार करणारे बारीक बारीक कारखाने असतात, ते हा उजेड घेतात आणि नेटाने कामाला लागतात. दुखावलेल्या जागी रक्त बरं खेळतं, सूज ओसरते, दुखण्याची वर्दी नेणाऱ्या नसा जरा शांत होतात, आणि मग शरीर आपली डागडुजी आपणच करतं. फार तर कोमट लागेल. चटका बसणार नाही, बसताही कामा नये. एका दिवसात होणार नाही, सहा-आठ वेळा यावं लागेल, आणि नुसत्या उजेडाने भागणार नाही, व्यायामही करावा लागेल. मशीन विकायला आलेला माणूस म्हणाला होता की हे सगळ्यावर चालतं. मनिषा तसं कोणाला सांगत नसे. काहींना चांगला फरक पडतो, काहींना थोडा, काहींना मुळीच नाही, असं ती तोंडावर सांगायची, आणि मागे उभी असलेली दीपाली डोळे वटारायची.

एवढं सगळं ऐकून घेऊन, मान डोलावून, चष्मा लावून पेशंट टेबलावर आडवा व्हायचा आणि मिनिटाभरात म्हणायचा, "काय लागत नाय."

हे वाक्य मनिषाने वर्षभरात किती वेळा ऐकलं त्याला गणती नव्हती. पूर्णगडचा म्हणायचा, गुहागरचा म्हणायचा, लांज्याचा काजूवालाही म्हणायचा. औषध झोंबलं पाहिजे, मलम चुरचुरलं पाहिजे, सुई टोचली पाहिजे, तेव्हा गुण येतो, हे इकडच्या माणसाच्या हाडात भिनलेलं. न झोंबणाऱ्या औषधावर विश्वास ठेवणं त्याला कमीपणाचं वाटतं. मग कोणी म्हणायचं, मॅडम जरा मोठं करा. कोणी म्हणायचं, आता आलोच आहे एवढ्या लांब तर तासभर धरा. मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेले चाकरमानी तर आठही खेपा एका दुपारीत उरकून मागायचे. उजेडालाही माप असतं, कमी पडला तर उपयोग नाही आणि जास्त झाला तर होणारा फायदाही हातचा जातो, हे मनिषा सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि हे सगळं एकवेळ परवडलं असतं, पण तिची स्वतःची आई बिब्बे लावत होती.

गुणवंतीच्या हाताला गुण आहे असं पूर्णगडपासून पार पावस गावापर्यंत बोललं जाई. सकाळी मासळी विकून ती घरी आली की दुपारनंतर पडवीतल्या बाकड्यावर माणसं येऊन बसत. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाची टाच. गुणवंती दिवली पेटवायची, बिब्बा दाभणावर टोचून ज्योतीवर धरायची, आतलं काळं तेल सुटलं की दुखऱ्या जागी एक फुली काढायची. माणूस दात-ओठ खायचा, डोळ्यांत पाणी आणायचा आणि बरं वाटतंय म्हणत घरी जायचा. बिब्बा उतला तर कातडी फोडांनी भरून जायची, नाही उतला तरी काळी फुली वर्षानुवर्षं राहायची. गावातल्या अर्ध्या माणसांची अंगं गुणवंतीने अशी फुल्या मारून ठेवली होती.

मनिषाचं डोकं फिरायचं ते इथे. काळा रंग उजेड पितो. स्वच्छ कातडीतून जो उजेड आत उतरतो तो त्या काळ्या फुलीवर वरच्यावरच अडकतो. आत काही पोचत नाही आणि वर कातडी मात्र तापते. फोड आलेले असले तर विचारायलाच नको. म्हणजे आईने फुली मारलेला प्रत्येक माणूस मुलीला निदान तीन आठवडे परत पाठवावा लागे, आणि फुली पक्की असली तर ती जागा कायमची सोडावी लागे. रत्नागिरीत दुसऱ्या कोणा फिजिओथेरपिस्टच्या वाट्याला हे आलं नसेल. त्यांचे पेशंट तेल लावून येत, हिचे पेशंट हिच्या आईच्या हातचा डाग घेऊन येत.

गेल्या दसऱ्याला मनिषा घरी गेली होती तेव्हा भावेशने तिला बाजूला घेऊन सांगितलं की आईचा उजवा खांदा धरलाय. पाटी डोक्यावर चढवायला तिला दुसऱ्याचा हात लागतो. चाळीस वर्षं त्या हाताने पाटी एका हिसक्यात वर गेली होती, आणि आता गुणवंती बंदरावर चुंबळ डोक्यावर ठेवून कोणीतरी येईल म्हणून उभी राहते. अशा खांद्याचं काय होतं ते मनिषाला ठाऊक होतं. आधी दुखतो, मग दुखतं म्हणून माणूस तो हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून सांधा आतून आवळत जातो. एकदा पुरता आवळला की मोकळा व्हायला वर्ष, दोन वर्षं. पाटी उचलली नाही तर गुणवंती काय करणार होती? घरी बसणं तिला जमणारं नव्हतं. भावेशने एकदा तसं सुचवलं होतं, तर ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

पण काळजी वाटली की मनिषाला राग येई, ही तिची जुनी खोड. तिने तिथेच, चुलीपुढे, आईवर तोंड सोडलं. गुणवंती सौंदाळे मासे साफ करत ऐकत होती. मग तिने खाली मान घालूनच विचारलं की ती तुझी बत्ती माझ्या खांद्यावर चालंल काय.

"अंगाला काही लावलेलं असलं की ती चालत नाही," मनिषा म्हणाली. "आणि तू तर बिब्ब्यातच न्हातेस. आधी हे लोकांना डागणं बंद कर, मग ये माझ्याकडे."

गुणवंतीने पुढचा सौंदाळा घेतला.

त्यानंतर सात महिने तो विषय तिथेच अडकून पडला. भावेशचा फोन यायचा. आईला वेणी घालता येत नाही, शेजारीण घालून देते. आई डाव्या कुशीवर झोपते. मनिषा विचारायची, बिब्बे बंद केले का? भावेश म्हणायचा, नाय गो, ते कसले बंद होतात. मग मी काय करू, असं म्हणून मनिषा फोन ठेवायची आणि पुढचा अर्धा दिवस दीपालीवर, पेशंटवर आणि जिन्यात चपला काढणाऱ्यांवर ओरडायची. ज्या बाईला लोकांच्या खांद्याला डाग द्यायला हात चालतो तिने आपल्या खांद्याची काय चाळण केली असेल, हे तिच्या डोळ्यांपुढे यायचं. आई हट्टी आहे असं ती सगळ्यांना सांगायची. ती स्वतः कोणावर गेली आहे हे तिला कोणी सांगत नसे.

एप्रिलच्या शेवटी हरिश्चंद्र आला. हरिश्चंद्र पूर्णगडचाच तांडेल, बोटीवरचा मुख्य माणूस, मनिषाच्या बापाचा सोबती. जाळी ओढून ओढून त्याचं उजवं कोपर गेलं होतं. या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात असं कळल्यावर तो दोन दिवस चिडला होता, कारण त्याने जन्मात टेनिस पाहिलंही नव्हतं. तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा तो काय लागत नाय म्हणाला. चौथ्या खेपेला मात्र गपचूप आला, हात टेबलावर पालथा ठेवून पडला आणि चष्माही न मागता लावला. मनिषाने नेहमीप्रमाणे कातडी तपासली, वरून स्वच्छ होती. तिने दांडी कोपरावर फिरवायला सुरुवात केली, बाहेरच्या बाजूने हळूहळू खाली आणली, आणि हरिश्चंद्र टेबलावरून वीतभर वर उडाला.

कोपराच्या खालच्या अंगाला, टेबलाला चिकटवून लपवलेली, गुणवंतीची ताजी फुली होती. उजेडाची कडा तिला लागली होती.

मनिषाने मशीन बंद केलं, पाण्याची पट्टी आणली, कातडी पाहिली. फार काही झालं नव्हतं, फक्त लाल झाली होती. हात उलटा करून न पाहिल्याबद्दल ती स्वतःला शिव्या घालत होती आणि आता हा माणूस आपल्याला काय काय बोलणार म्हणून तोंडाकडे पाहत होती. हरिश्चंद्र हसत होता. त्याचा चेहरा आठ दिवसांनी बोटीला मासळी लागावी तसा फुलला होता.

"आता लागला," तो म्हणाला. "इतके दिवस नुसती हवा मारीत होतीस, मने. आता गुण येणार."

मनिषाने त्याला समजावलं. गुण नाही, इजा झाली असती. यापुढे तीन आठवडे इथे यायचं नाही. पट्टी बांधायची, कोपराला विश्रांती द्यायची, दाखवलेला व्यायाम करायचा. हरिश्चंद्रने सगळ्याला हो म्हटलं आणि जिना उतरून गेला. आणि दुर्दैव असं की त्या माणसाला खरोखरच बरं वाटलं. कशाने वाटलं ते सांगणं कठीण. आधीच्या तीन खेपांमुळे असेल, घाबरून बोटीवर सुट्टी घेतली त्यामुळे असेल. हरिश्चंद्रच्या मते त्यात शंकेला जागाच नव्हती, आणि तांडेलाचं मत बंदरावर शेवटचं असतं.

मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी जिना चढून आली आणि खुर्चीवर बसायच्या आधी पदर सारून कंबर दाखवत म्हणाली की मी गुणवंतीकडून बिब्बा लावूनच आलंय, आता बत्ती लाव. मनिषाला वाटलं म्हातारीचा काहीतरी गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी दोघे आले, एकाच्या गुडघ्याला फुली, एकाच्या मानेला. तिसऱ्या दिवशी जानू नावाचा एक रिक्षावाला आला, तो पूर्णगडचाही नव्हता. त्याने तर विचारलं, मॅडम, एक फुली पुरते की दोन लागतात? तेव्हा मनिषाला उलगडा झाला. हरिश्चंद्रने बंदरावर सांगितलं होतं की मनीची बत्ती नुसती लागत नाही, तिला आधी आईचा बिब्बा लागतो, तो लावला की ती आत शिरते. आणि माणसांना ते लगेच पटलं होतं. तीन पाट्या लावून वर्षभर जे पटलं नाही त्याच्या बरोबर उलटं त्यांना एका दिवसात पटलं होतं.

दीपालीने हातांच्या बोटांवर मोजून सांगितलं, आठवड्यात सात. सातही जणांना मनिषाने परत पाठवलं आणि सातही जण रागावून गेले. म्हातारी तर म्हणाली की आईने मेहनत घेऊन लावला आणि लेक हात लावत नाही, मायलेकींत एवढा दुरावा बरा नाही.

रविवारी सकाळी मनिषाने स्कूटर काढली. पूर्णगडपर्यंतच्या वाटेवर ती आईला काय काय बोलायचं ते मनात जुळवत गेली. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून बरं, नाहीतर बाई एकटीच बडबडत चालली आहे असं लोकांना वाटलं असतं. आज एक घाव दोन तुकडे करायचे. बिब्बे तरी राहतील, नाहीतर आपण तरी या घरात पाऊल टाकणार नाही.

खाडीकडेच्या घराच्या पडवीत तिघं बाकड्यावर बसलेली होती. दिवली पेटलेली. गुणवंती चटईवर बसून त्यांतल्याच एका बाईच्या टाचेवर वाकली होती. मनिषाने स्कूटरही नीट लावली नाही. सरळ आत गेली, दिवली फुंकून विझवली, बिब्ब्यांचा पत्र्याचा डबा उचलला आणि बाकड्यावरच्या तिघांना घरी जायला सांगितलं. तिघं तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग ती तिघं गुणवंतीकडे पाहू लागली. गुणवंतीने मानेने जा म्हटलं, तेव्हा कुठे उठली.

मग मनिषाने वाटेत जुळवलेलं सगळं ओकून टाकलं. हरिश्चंद्रचं कोपर भाजलं असतं. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, एखाद्याला मधुमेह असला तर फोड भरत नाही. सात माणसं परत गेली. माझ्या शिक्षणाची ही किंमत? तू मला शिकवलंस कशाला मग? गुणवंती दाभण पुसत ऐकत होती. पुसत होती डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर पडलेला होता, ठेवून दिलेल्या वस्तूसारखा. बिब्बाही मघाशी ती डाव्या हातानेच लावत होती हे मनिषाच्या आत्ता लक्षात आलं, आणि ते पाहून तिचा राग आणखी भडकला.

"लोकांचं जाऊ दे," ती म्हणाली. "स्वतःच्या खांद्याची काय दशा केलीस ती दाखव. किती फुल्या मारल्यास ते तरी बघू दे."

गुणवंतीने दाभण बाजूला ठेवलं. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि मनिषाकडे पाठ करून उभी राहिली. पोलक्याचे हूक तिने डाव्या हाताने सोडले, पण उजवी बाही तिला काढता येईना. हात कोपरातून वाकवून मागे नेण्याएवढा खांदा वळतच नव्हता. मनिषाने पुढे होऊन बाही ओढून काढली. काढताना आईने श्वास आत घेतला तो तिला ऐकू आला.

खांदा कोरा होता.

मनिषाने आईला खिडकीकडे वळवलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, काखेपर्यंत बोट फिरवलं. एक फुली नाही. जुना डाग नाही, फोड नाही. तेल नाही, मलम नाही, हळद नाही. बाईच्या हातांना मासळीचा वास होता, केसांना चुलीचा, आणि त्या एका खांद्याला फक्त साबणाचा. उगाळून लावलेल्या सुंठेचासुद्धा माग नव्हता.

"तू बोललीस ना," गुणवंती म्हणाली, "काय लावलेला असला तर तुझी बत्ती चालत नाय. तवापासून काय लावलाच नाय. रोज धुतंय."

दसऱ्यापासून. सात महिने ही बाई दुखरा खांदा साबणाने धुऊन, कोरडा करून, कोरा ठेवत होती. गावातल्या सगळ्या दुखण्यांवर जो इलाज तिला ठाऊक होता, जो तिला खरा वाटत होता, तो तिने आपल्या एका खांद्याला शिवू दिला नव्हता. ज्या पाट्या रत्नागिरीत कोणी वाचल्या नाहीत, त्या इथे पूर्णगडला, अक्षरओळख नसलेल्या एका बाईने पाळल्या होत्या.

"मग आलीस का नाहीस?" मनिषाने विचारलं.

"तू बोललीस, लोकांचा बंद कर, मग ये. ता माझ्यानं होईना." गुणवंती पोलकं सावरायला लागली. "माणसां दारात येतात. रडत येतात. त्यांना परत कशी धाडू? तुझ्याकडं तीन पाट्या हायत, बोलतात. माझ्याकडं बाकडा हाय."

मनिषाने आईला बाही घालायला मदत केली आणि मग तिथेच खाटेच्या कडेवर बसली. तिने हात पुढे करायला लावला, बाजूने उचलायला लावला. पुढे छातीपर्यंत, बाजूला त्याच्याही खाली, मागे तर मुळीच नाही. दसऱ्याला हाच हात कानापर्यंत जात असणार. तेव्हा एक महिना, दीड महिना लागला असता. आता किती लागेल ते ती पेशंटला सांगते तसं मनाशी सांगून पाहत होती आणि सांगवत नव्हतं. दुखणं लेझरने कमी होईल. पण आवळलेला सांधा बोट-बोटभर मोकळा करावा लागेल, वर्ष लागेल, आणि पाटी पुन्हा वर जाईलच असं नाही. सात महिने तिने सगळ्यांना सांगितलं होतं की आई ऐकत नाही. आईने शब्द न् शब्द ऐकला होता. मनिषानेच एकदा येऊन पदर सारून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कोणा फिजिओथेरपिस्टने पेशंटला हात न लावता असं सात महिने फोनवरून फैलावर घेतलं असतं, तर मनिषाने त्याची सालं काढली असती.

"माझं चुकलं, आई," ती म्हणाली.

गुणवंतीला असल्या बोलण्याची सवय नव्हती. ती म्हणाली, भात टाकते, आणि निघून गेली.

बिब्ब्यांचा निकाल काही त्या दिवशी लागला नाही. एवढंच ठरलं की जो मनिषाकडे जायचा त्याला गुणवंती फुली मारणार नाही, कोरा पाठवेल, आणि हरिश्चंद्रने जे काही बंदरावर पसरवलं ते त्यालाच परत गोळा करायला सांगेल. डबा मनिषाने परत दिला. मनातून तिला ते मुळीच पटलं नव्हतं आणि वाटेत ती स्वतःवर चरफडतच होती, पण मागे स्कूटरवर आई बसलेली होती, डाव्या हाताने तिच्या कमरेला धरून, त्यामुळे बडबड करता आली नाही.

सोमवारी सकाळी पहिला पेशंट म्हणून गुणवंती टेबलावर बसली. आल्या आल्या तिने भिंतीवरच्या तिन्ही पाट्यांकडे नीट पाहिलं आणि यावर काय लिहिलंय ते दीपालीला वाचून दाखवायला लावलं. वाचून झाल्यावर, एवढा मोठ्याने कशाला लिहायचा, म्हणाली. मनिषाने ते ऐकलं नाही असं दाखवलं. तिने खांदा तपासला, पुढून, मागून, हात उलटा करून. तो कोराच होता, आणि ओलसर. गुणवंतीने मुलीच्या घरून निघताना पुन्हा एकदा खांदा धुतला होता.

दीपालीने गुणवंतीच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. मनिषाने आपला लावला. काय होणार ते तिने आईला सांगायला घेतलं, कारखान्यांचं, उजेडाचं, मापाचं, आणि अर्ध्यावर सोडून दिलं, कारण गुणवंती ताठ बसून घाबरल्यासारखी श्वास धरून होती. मनिषाने दांडी खांद्यावर टेकवली. थंड काच कातडीला लागली.

"लागतंय," गुणवंती लगेच म्हणाली. "चांगला लागतंय गो, मने. आत पातूर जातंय."

वर्षभरात या टेबलावर कोऱ्या अंगाने असं कोणी म्हटलं नव्हतं. मनिषा हातात दांडी धरून उभी राहिली. चष्म्याच्या आत तिचे डोळे भरून आले आणि चष्म्यामुळेच ते पुसता येईनात.

"आई," ती म्हणाली, "अजून चालूच केलं नाही."

गुणवंतीने डाव्या हाताने चष्मा नीट बसवला.

"मग कर ना," ती म्हणाली. "कोणाची वाट बघतेस?"

मनिषाने पायाखालचं बटण दाबलं.